हाकेला ओ

सुनावणीच्या खोलीत आमचा कॅप्टन सुदर्शनदादा माझा हात धरून बसला होता, कबड्डीत साखळी करताना धरतो तसा घट्ट. कोच मला 'हबश्या' म्हणतो, अशी तक्रार मी केली आणि क्लबनं माझा करारच मोडला. मला परत घेईपर्यंत खेळायचं नाही, असं ठरवून अख्खा संघ दादामागे उभा राहिला होता.

"शिवी कसली, साहेब? लाडाचं नाव आहे ते," मॅनेजर चौकशी अधिकाऱ्यांना सांगत होते.

"माझं नाव बस्त्याव सिद्दी," मी म्हणालो. "दुसऱ्या नावाला मी ओ देत नाही."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. पहिल्यांदाच वाटलं, आपण परत खेळणार.

चहा आला. कपावर फुंकर मारत, मान वर न करता मॅनेजर सहज बोलले, "हबश्या, पंखा वाढव जरा."

दादाचा हात सोडवून मी उठलो. रेग्युलेटर फिरवला आणि मग भानावर आलो.

"बस रे हबश्या," दादा कळवळून म्हणाला, "तू कशाला उठतोस?"

अधिकाऱ्यांनी तेही लिहून घेतलं.