बासष्ट ठोके

कुमुदच्या भुवईखालचा काळानिळा डाग पाहून दिगंबररावांनी चहाचा कप खाली ठेवला. स्वप्नात कुत्रा अंगावर आला होता आणि त्यांनी झोपेतच तिला कोपर मारलं होतं.

"चुकलं माझं," म्हणत त्यांनी मनगट पुढे केलं. हल्ली माफी अशीच मागायची रीत होती. मनगटावरच्या पट्टीत हृदयाचे ठोके वाढलेले दिसले, तरच ती मनापासूनची.

पट्टीवर बासष्ट होते. बासष्टच राहिले.

डॉक्टरांनी त्यांना दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, "या आजारात झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय चालतात, पण हृदय साथ देत नाही. पुढे जागेपणीही मनात काही आलं म्हणून ठोके हलणार नाहीत, फक्त अंगमेहनतीनं वाढतील." घरी ते बोललेच नव्हते. माफी मागायची असली, की दुधाच्या निमित्तानं खाली जायचे, तीन जिने घाईघाईनं चढायचे आणि धापा टाकत मनगट पुढे करायचे. आज गुडघा वाकतच नव्हता.

"आज जिने नाही चढलात?" कुमुदनं विचारलं.

त्यांची मान खाली गेली. "तुला माहीत होतं?"

"अहो, घरात दूध असताना दूध आणता. किती दिवस खरवस समजून नासकं खाऊ?"

"मग बोलली का नाहीस?"

"खोटं बोलायला का होईना, माणूस तीन जिने चढतोय, म्हटलं."

तिनं पट्टी सोडवून साखरेच्या डब्यामागे ठेवली. दिगंबररावांना वर बघवेना. मोकळं मनगट तसंच पुढे धरून ते पुटपुटले, "चुकलं माझं."

"ऐकलं," ती म्हणाली.