दहापैकी नऊ

पवित्रा ऑक्युपेशनल थेरपीत एम.ओ.टी. करत होती. 'रुग्णाला कोणतं काम पुन्हा करायचंय, हे आधी त्यालाच विचारावं,' या सिद्धांतावरच्या उत्तराला तिला दहापैकी नऊ मार्क पडले होते.

लकव्यानं तिच्या रत्नव्वा अज्जीचा डावा हात गेला. पवित्रा महिनाभर जयसिंगपूरला येऊन राहिली. आंघोळीपासून ब्लाउजच्या हुकांपर्यंत सगळं तिनं अज्जीला एकट्या उजव्या हातानं करायला शिकवलं. वहीत प्रत्येक कामापुढं बरोबरची खूण झाली.

"अज्जी, आता डाव्या हातावाचून तुझं काही अडत न्हाय."

"व्हय की," अज्जी गळ्यातलं इष्टलिंग चाचपत म्हणाली. "महिना झाला, पूजा बंद हाय. फुलं उजव्या हातानं वाहीन. पर लिंग कुठल्या तळहातावर घेऊ?"