मापाची गोळी

“एका जागी बस गं जरा,” शिंपीणबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

भिंगरी बसली आणि लगेच उठून खिडकीतून रस्ता बघू लागली. घरात तिला सगळे भिंगरीच म्हणत.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी रिकामी खुर्ची खिडकीकडे सरकवून दिली.

“वर्गात काय होतं?”

“दोन ओळी झाल्या की लक्ष उडालंच म्हणून समजा,” शिंपीणबाई म्हणाल्या. “ वहीत अक्षरं कमी आणि काढलेल्या कोंबड्याच जास्त. परीक्षा तीन महिन्यांवर आलीय. तोवर नीट बसता आलं नाही तर नाव काढावं लागेल, असं वर्गाच्या बाईंनी सांगितलंय.”

“मला शिकायचंय,” भिंगरी खिडकीतूनच म्हणाली. “डोकंच पळतं, त्याला मी काय करू?”

“पूर्वीपासून असंच?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“मी बघतेय तेव्हापासून अशीच,” शिंपीणबाई म्हणाल्या.

याला एडीएचडी म्हणतात, हे मागच्या खेपेलाच ठरलं होतं. आज औषध ठरायचं होतं. शिंपीणबाईंनी आधीच विचारून घेतलं.

“गोळ्यांनी हिचा दगड तर नाही ना होणार? हिच्या दंग्याशिवाय घर खायला उठेल.”

“दगड झाला तर गोळी चुकली म्हणायचं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मग बदलायची. औषधं दोन जातींची आहेत. एक उत्तेजक. ते घेतलं त्याच दिवशी गुण दिसतो. त्यात चार तासांचं असतं, दिवसभराचंही असतं. पण भूक मरते, झोप उडते, नाडी वाढते. दुसरी जात सावकाश चालते. चार-सहा आठवडे वाट बघावी लागते. कुणाला कुठलं मानवेल, ते आधी सांगता येत नाही.”

“म्हणजे कच्चा टाका घालून बघायचं,” शिंपीणबाई म्हणाल्या. “अंगावर नीट बसलं तर पक्की शिवण.”

“अगदी तसंच. आणि सुरुवात सगळ्यात कमी मात्रेने.”

हृदयाचा आलेख चांगला आला होता, रक्तदाबही ठीक होता. सगळं समजावून सांगितल्याच्या कागदावर शिंपीणबाईंनी सही केली. भिंगरीच्या हाती शाईचं पॅड लागलं. तिने कागदावर अंगठा उठवला आणि टेबलाच्या कडेला आणखी दोन.

“अगं, एक पुरे!”

वर्ग चारला भरायचा, म्हणून चार तासांची छोटी गोळी दुपारी सुरू झाली. पहिल्याच दिवशी भिंगरीने अख्खं पान वाचलं. पण चौथ्या दिवसापासून ताट तसंच परत जाऊ लागलं आणि झोपेचं खोबरं झालं. शिंपीणबाई रोजची नोंद ठेवत होत्या. मापं लिहायच्या वहीत, शेवटच्या पानावर: किती खाल्लं, किती झोपली, किती वेळ बसली.

डॉक्टरीणबाईंनी ते पान दोनदा वाचलं. “इतकं नीट मला कुणी लिहून आणत नाही,” त्या म्हणाल्या. “हा टाका उसवू या.”

मग सावकाश चालणारं औषध आलं. पहिला महिना नुसता गेला. कोंबड्या होत्या तिथेच होत्या. शिंपीणबाईंचा धीर सुटत चालला. भिंगरीचा मात्र सुटला नाही. दहा मिनिटं वाचायचं, अंगणाला एक फेरी मारायची, पुन्हा दहा मिनिटं, असं डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं. एवढ्या फेऱ्या झाल्या की चपलेचा अंगठा तुटला.

सहाव्या आठवड्यात वहीतल्या कोंबड्या गेल्या. दंगा मात्र होता तसाच राहिला. शिंपीणबाईंनी पानावर लिहिलं, “आज धडा पुरा. जेवताना सगळ्यांच्या नकला केल्या.”

परीक्षेचा निकाल घेऊन दोघी दवाखान्यात आल्या. भिंगरी पास झाली होती. डॉक्टरीणबाईंनी तो कागद दिव्याखाली धरून वाचला, मग उठून उभ्या राहिल्या आणि हात जोडले.

“खरी मेहनत ही. गोळीने नुसती वाट मोकळी केली.”

औषध पुढे चालू ठेवायचं, म्हणून पुन्हा कागद आला. डॉक्टरीणबाईंनी सवयीने शाईचं पॅड पुढे केलं. भिंगरीने ते बाजूला सारलं आणि पेन मागितलं. अक्षरामागून अक्षर, श्वास रोखून, तिने आपलं नाव लिहिलं. एकदाही खिडकीकडे पाहिलं नाही.

मग पेनाचं टोपण लावत ती शिंपीणबाईंकडे वळली.

“तुझ्या प्रगतिपुस्तकांवर दहा वर्षं मी अंगठेच उठवले गं, पोरी. आण बघू ती सगळी, सह्या करून टाकते.”