लिनक्सवाल्याचं स्थळ

पोहे निवत चालले होते आणि आतल्या खोलीत पाहायला आलेला मुलगा मृण्मयीशी, कोणता कॉम्प्युटर चांगला यावरून भांडत होता.

"मॅक म्हणजे नुसता तोरा! आमच्या बँकेचे सर्व्हर लिनक्सवर चालतात."

"मग मी काढते ती मुलांच्या पुस्तकांतली चित्रंही सर्व्हरवरच काढा ना!" मृण्मयी कडाडली.

बाहेर तिच्या वडिलांचा, दिगंबररावांचा जीव टांगणीला लागला. स्थळ हातचं चाललं, म्हणून ते मुलाच्या आईची माफी मागायला उठले, तोच दोघं हसत बाहेर आली.

"बाबा, ठरलं! घरात विंडोज नको, यावर आमचं एकमत झालं. ते हापिसातल्या हिशेबांना ठीक."

"पत्रिका जुळतेय ना?" मुलाच्या आईने विचारलं.

उत्तम जुळते, हे दिगंबररावांच्या ओठांवर आलं होतं. पण ती त्यांनी सकाळीच आपल्या विंडोजवाल्या कॉम्प्युटरवर जुळवली होती.

"गुरुजींना विचारून सांगतो," ते पुटपुटले.