बाजेवरची आंघोळ

सांडू फौजेत होता, निकोबारकडच्या एका लांबच्या बेटावर. त्याचा फोन आला की आवडाबाई आधी एकच विचारायची, "पाणी हाय का रं तिथं?"

"माय, चहूकडं पाणीच हाय," तो सांगायचा. मग ती टँकरपाशी हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायांना सांगायची, "माझ्या लेकाचा तरी पाण्याचा वनवास संपला."

यंदा तो सुट्टीवर आला, तेव्हा फुलंब्रीजवळच्या त्यांच्या गावात घरोघरी नळ आले होते. आवडाबाईनं हौसेनं दोन बादल्या पाणी तापवलं. टॉवेल द्यायला अंगणात आली, तर सांडू सुतळीच्या बाजेवर बसून तांब्या-तांब्यानं पाणी घेत होता आणि बाजेखाली घमेलं ठेवलेलं. दुष्काळात ती त्याला लहानपणी अशीच आंघोळ घालायची. घमेल्यात साचलेलं पाणी मग भांडी घासायला.

"आरं, आता कशाला हे? नळ हाय की."

"सवय राह्यली," तो म्हणाला. "समुद्राचं पाणी खारं असतं, माय. गोडं पाणी जहाजानं येतं. जहाज लांबलं की अख्खी पलटण अशीच आंघोळ करते. म्याच शिकवलं त्यांना."

"मग फोनवर कधी बोलला नाय ते?"

सांडूनं घमेलं उचललं आणि जास्वंदीच्या बुडाशी हळूहळू ओतलं.

"तू टँकरपाशी उभी राहून बोलायचीस. हंड्यांचा आवाज यायचा मला."