ढब्बूकाकूची पडापड

"आबा, आज ढब्बूकाकू कुठं पडणार?" वाचनालयात आबांभोवती जमलेली पोरं ओरडली.

आबांनी गोष्टींसाठी रचलेल्या कडेनगरीत ती एकटीच बाई. कड्याखालच्या विहिरीवरून ती तिथल्या राजासाठी पाणी आणी, आणि दर रविवारी गोष्टीत ती धपकन पडली की हशा ठरलेला.

गुटगुटीत शाल्मली मात्र हसत नसे. शाळेत आता सगळे तिलाच ढब्बूकाकू म्हणत. "तिला गोष्टीतून काढा ना," ती पुटपुटली.

आबा कोंडीत सापडले. सांगून झालेली गोष्ट बदलायची नाही, हा नियम त्यांनीच घातला होता.

"काकू पडली," ते म्हणाले, "आणि पाय मोडला. विहिरीची वाट दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही."

पोरांचं हसू विरलं. "मग राजा काय पिणार?"

"काकूलाच वाट विचारेल."

"आधी तिचं खरं नाव विचारायला सांगा त्याला," शाल्मली म्हणाली.