पेजेची चिठ्ठी

"मेजवानी!" विद्युल्लताबाई चिठ्ठी नाचवत ओरडल्या. "नदीकडे खिडकी असलेली खोली! बाल्कनी! टब! तुला काय आलं गं?"

शर्वाणीने आपली चिठ्ठी उलगडली. "थाळी."

"अरेरे. मग बस बोटीच्या खालच्या मजल्यावर. मी वरून हात करीन."

दोघी मायलेकी टेबलावर डोकं टेकून हसत सुटल्या. मार्चमध्ये बाबा गेल्यापासून आखातातल्या अल मनखूलच्या त्या घरात इतका आवाज झाला नव्हता.

खेळ बाबांचा, आत्मारामांचा. ते फुजैराच्या बंदरात जहाजांत तेल भरायच्या कामावर होते. आठवडाभर तिकडे, शुक्रवारी घरी. एकदा एका चिनी कप्तानाने त्यांना कॅलेंडर दिलं. त्यावर एक नदी होती आणि नदीच्या काठाने उकडीच्या मोदकांसारखे डोंगर. गावाचं नाव ग्वेलिन. आत्मारामांच्या मालवणी जिभेवर त्याची गवळण झाली, आणि पुढे घरात सगळे गवळणच म्हणू लागले. वर्ष संपलं तरी ते पान भिंतीवरून उतरलं नाही.

खजुराच्या पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या असत. मेजवानी, थाळी, पेज. ज्याला जी येईल त्याने तेवढ्या खर्चात गवळण फिरून दाखवायची. डबा आत्माराम डोक्याच्या वर धरत. आधी आईने हात घालायचा, मग शर्वाणीने. शेवटी ते स्वतः. मूठ डोळ्यांशी नेत आणि कपाळावर हात मारून घेत. "परत पेज! माझ्या कर्मात पेजच!" मूठ तशीच खिशात जाई.

आणि मग ते पेज अशी रंगवत, की मेजवानीवालीला आपल्या टबाची लाज वाटावी. पेजेत बोट नाही. काठावर बसायचं आणि दुसऱ्याच्या बोटीला हात करायचा; चार लोक आपले फोटो काढतात, ते फुकट. खोलीतल्या किटलीत तांदूळ शिजवायचे, सोबत घरचं लोणचं. "डोंगराला तिकीट नसतं गो," ते म्हणत. शर्वाणी शाळेत होती तेव्हा "दॅट्स चीटिंग, बाबा" म्हणून किंचाळायची. शेवटी कुणीतरी विचारायचंच, मग गवळणीला कधी जायचं? आत्माराम म्हणायचे, "इन्शाल्ला." त्या घरात या शब्दाचा अर्थ एवढाच होता की डब्याला झाकण लावा.

आज झाकण शर्वाणीने उघडलं होतं. ती रीम आयलंडवरच्या आपल्या घरून सकाळीच आली होती. गुरुवारीच तिने ट्रॅव्हलवाल्या ओवेसला दोन तिकिटं धरून ठेवायला सांगितलं होतं. आज संध्याकाळी सहापर्यंतची मुदत होती. आईला अजून सांगितलं नव्हतं. आई सहा महिन्यांत खालच्या दुकानापर्यंतही उतरली नव्हती.

"बोटीचे नऊशे दिरहम?" विद्युल्लताबाई मोबाइलमध्ये बघून किंचाळल्या. "म्हणजे बावीस हजार रुपये! एवढ्यात गवळण स्वतः दूध घालायला येईल."

"तू मेजवानीवाली आहेस ना? मग रडतेस काय?"

"मेजवानीवाल्यांनी रडूनच खर्च करायचा असतो."

पुन्हा हसू. पावणेसहा वाजले होते. शर्वाणीने तेवढ्यात विचारून टाकलं.

"आई, मग गवळणीला कधी जायचं? खरंच विचारतेय. तिकिटं धरून ठेवलीत. आपल्या दोघींची."

विद्युल्लताबाईंचं हसू ओठांवरच थांबलं. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. मग आणखी एक घडी घातली.

"तिघांचा खेळ आहे, शरू. आपण दोघी बोटीत बसायचं आणि ह्यांची पेज इथे डब्यात ठेवायची?" त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. "बघू. इन्शाल्ला."

झाकण लावायला शर्वाणीने डबा ओढला. तो फारच हलका लागला. तिने तो हलवला. मग टेबलावर पालथा केला.

काहीच पडलं नाही.

"आई, बाबांची चिठ्ठी?"

"असेल आतच. बुडाला चिकटली असेल."

विद्युल्लताबाईंनी डबा खिडकीच्या उजेडात धरला. आत बोट फिरवलं. बुडावर दोनदा टिचकी मारली. मग टेबलावरच्या दोन चिठ्ठ्या त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या. घड्यांवर झिजलेल्या, कडा मऊ झालेल्या, आत्मारामांच्या अक्षरातल्या. मेजवानी. थाळी.

"अकरा वर्षं," त्या सावकाश म्हणाल्या. "अकरा वर्षं हा माणूस मूठ दाखवत आला, आणि पेज आपल्याला एकदाही नाही. कधी उघडली होती गं ती मूठ?"

शर्वाणीला एकही वेळ आठवेना.

"लबाड!" विद्युल्लताबाईंनी कॅलेंडरकडे बघत डबा टेबलावर आपटला. "लबाड, लबाड, लबाड!" आणि त्यांना हसू फुटलं. पदर तोंडाशी धरला तरी आवरेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी हसणं चालूच. शर्वाणीला आधी भीती वाटली. मग तिलाही हसू आलं.

तेवढ्यात शर्वाणीचा फोन वाजला. आईने तो लेकीच्या हातातून ओढून घेतला आणि स्पीकर लावला.

"मॅडम, ओवेस बोल रहा हूँ. छे बजने को आये. दो टिकट रखूँ, या खलास करूँ?"

"रखो, ओवेसभाई. यल्ला, चलो!" डोळे पुसत विद्युल्लताबाई म्हणाल्या. "दोच हैं. पहिलेसे दोच थे."